‘वेळ असल्यास’ : परदेशी सहली काढणाऱ्या मराठी आयोजकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका संस्थेचं यंदाच्या हंगामाचं व्हिएतनाम-कंबोडिया सहलीचं पत्रक माझ्यापुढे आहे. शेजारी मागच्या हंगामाचं पत्रकही आहे, ज्याच्यावर विसंबून मी ही सहल केली. दोन्हींतला सातवा दिवस मी चार वेळा ताडून पाहिला. मागच्या पत्रकात होतं : ‘नॉम पेन्ह शहरदर्शन – राजवाडा, सिल्व्हर पॅगोडा, वाट नॉम, सेंट्रल मार्केट, तुओल स्लेंग संग्रहालय (वेळ असल्यास)’. यंदा तुओल स्लेंग हे शेवटचं नाव, म्हणजे ख्मेर रूज राजवटीच्या तुरुंगाचं संग्रहालय, कंसासकट गेलं आहे. त्या जागी ‘सूर्यास्ताच्या वेळी नदीत बोटफेरी, स्नॅक्ससह’ असं आलं आहे.

आणखी दोन ठिकाणी फोन करून विचारलं. तिथेही कंबोडियाच्या सहलीत हे नाव नाही. म्हणून हे पत्र एका संस्थेला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि लोकांनीही वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

मी सांगलीची. चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. यजमान गेल्यानंतर एकटीने बाहेर पडायचं धैर्य मला नव्हतं. ते तुमच्यामुळे आलं. पासपोर्टचा अर्ज भरण्यापासून ते विमानतळावर माझी बॅग पट्ट्यावरून उतरवण्यापर्यंत तुमच्या पोरांनी मला आईसारखं सांभाळलं. सात सहली केल्या. व्हिएतनाममध्ये चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी मिळाली तेव्हा आमच्या गटातल्या एका आजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे सगळं मी विसरलेले नाही आणि म्हणूनच तुम्हाला परकं समजून हे लिहीत नाही. घरच्या माणसाकडे तक्रार करावी तशी करते आहे.

त्या दिवशी सेंट्रल मार्केटला आम्हाला पावणेदोन तास दिले होते. तुओल स्लेंगच्या फाटकाशी बस थांबली तेव्हा टूर लीडर म्हणाला, ‘चाळीस मिनिटं आहेत, पटकन बघून या. ज्यांना असलं निगेटिव्ह आवडत नाही त्यांनी बसमध्ये बसा, एसी चालू ठेवतो.’ बत्तीस जणांपैकी अकरा जण उतरले नाहीत. त्यांचा दोष नाही. आत काय आहे हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

तुओल स्लेंग ही मुळात शाळा. मधे मैदान, भोवती तीन मजली इमारती, प्रत्येक मजल्याला लांब व्हरांडा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावच्या हायस्कुलाशी जुळेल अशी. आवारात चाफा आहे, आपल्याकडे देवळाच्या पाराशी असतो तोच पांढरा चाफा. फुलं खाली पडलेली होती. फाटकातून आत शिरल्याबरोबर मी सवयीने वर्ग मोजायला लागले.

17 एप्रिल 1975 रोजी ख्मेर रूजच्या, म्हणजे कंबोडियातल्या जहाल कम्युनिस्टांच्या फौजांनी नॉम पेन्ह ही राजधानी घेतली. काही दिवसांत वीसेक लाख माणसं शहराबाहेर हाकलली, आजाऱ्यांना दवाखान्याच्या खाटांसकट ढकलत नेलं. पैसा, बाजार, टपाल, शाळा, विहार सगळं बंद. माणसांना शेतात जुंपलं. पुढे त्या ओस शहरातल्या या ओस शाळेत त्यांचा गुप्त तुरुंग सुरू झाला. त्याचं सांकेतिक नाव एस-21. वर्गांच्या आत विटांच्या आणि लाकडाच्या भिंती घालून अगदी अरुंद खोल्या केल्या, त्यांत माणसाला दोन्ही हात पसरता येणार नाहीत. काही वर्गांत खोल्याही नाहीत. जमिनीवर माणसं ओळीने झोपवून लांब लोखंडी दांड्याला सगळ्यांचे पाय एकत्र अडकवलेले असत. कोणी वरून उडी टाकून सुटका करून घेऊ नये म्हणून एका इमारतीचे व्हरांडे काटेरी तारांच्या जाळीने बंद केलेले आहेत. ती जाळी अजून आहे.

मैदानात मुलांच्या व्यायामासाठी उभारलेली लाकडी चौकट आहे. आपल्या शाळांतही असते, पोरं लोंबकळून अंग वर खेचतात तशी. तुरुंग झाल्यावर तिला माणसं उलटी टांगत आणि शुद्ध हरपली की खाली ठेवलेल्या रांजणातल्या घाण पाण्यात डोकं बुडवून पुन्हा शुद्धीवर आणत. तो रांजण आणि ती चौकट तिथेच आहेत. काही वर्गांत भिंतीवरचा फळाही तसाच आहे.

मी फळ्यापुढे उभी राहिले आणि मागे वळून पाहिलं. चौतीस वर्षं रोज वळले तशीच. समोर बाक नव्हते, लोखंडी पलंग होता.

प्रत्येक आलेल्या माणसाचा फोटो काढायचा, त्याच्या छातीवर क्रमांक लावायचा, त्याच्याकडून जन्मापासूनचा वृत्तांत आणि कबुलीजबाब लिहून घ्यायचा अशी तिथली पद्धत होती. ते हजारो फोटो आता ओळीने लावले आहेत. म्हातारे आहेत, अंगावर तान्हं घेतलेल्या आया आहेत, नववी-दहावीच्या वयाची मुलं आहेत. पहारेकरीही बहुतेक पंधरा ते एकोणीस वर्षांचे, खेड्यातून आणलेले. म्हणजे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना शाळकरी वयाची मुलं होती.

किती माणसं या फाटकातून आत गेली? खटल्यात न्यायालयाने नावानिशी धरलेला किमान आकडा 12,272 आहे. अभ्यासक 14 ते 18 हजार सांगतात. वाचल्याची माहिती आहे ती जेमतेम डझनभर माणसांची, त्यांतली चार मुलं. 7 जानेवारी 1979 रोजी व्हिएतनामी फौजा शहरात आल्या तेव्हा पळून जाण्याआधी पहारेकऱ्यांनी मारलेले 14 जण आत सापडले. त्यांची पांढरी थडगी अंगणातच आहेत. आमच्यापैकी दोघांनी तिथे पाय टेकवून बुटांच्या नाड्या बांधल्या. ती थडगी आहेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

या तुरुंगाचा प्रमुख काइंग गुएक इआव, सगळे त्याला डुच म्हणत. तो गणिताचा शिक्षक होता. राजवटीचा प्रमुख पोल पॉट, मूळ नाव सालोथ सार, पॅरिसला शिकून आलेला. तो नॉम पेन्हच्या एका खासगी शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवायचा. माझेच विषय. डुच बंदिवानांचे कबुलीजबाब वाचून समासात शेरे लिहायचा, तांबड्या शाईने. मी चौतीस वर्षं तांबड्या शाईने वह्या तपासल्या आहेत. हे वाचल्यावर मला पुढच्या दालनात जाणं जमेना.

तेवढ्यात टूर लीडरचा झेंडा वर झाला. चाळीस मिनिटं संपली होती.

मी निम्मंही पाहिलं नव्हतं. बाहेर पडण्याच्या वाटेवर, झाडाच्या सावलीत एका टेबलामागे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. चुम मे आणि बू मेंग ही या तुरुंगातून वाचलेल्यांतली दोन नावं जगाला माहीत आहेत. चुम मे मेकॅनिक, टंकलेखन यंत्रं आणि शिवणयंत्रं दुरुस्त करता येत म्हणून त्यांना जिवंत ठेवलं. बू मेंग चित्रकार, पोल पॉटचं चित्र हुबेहूब काढता आलं म्हणून त्यांना ठेवलं. दोघांच्याही बायका गेल्या. दोघांनीही पुढे डुचविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली. ही माणसं गेली कित्येक वर्षं त्याच आवारात येऊन बसतात, आपली हकिकत लिहिलेली पुस्तकं विकतात, येणाऱ्यांना भेटतात. जिथे नखं उपटली गेली तिथे रोज येऊन बसायचं, केवळ आलेल्या माणसाने विश्वास ठेवावा म्हणून. मला त्या टेबलापाशी दोन मिनिटं थांबायचं होतं. भाषा आली नसती, नुसता नमस्कार केला असता. टूर लीडर लांबून म्हणाला, ‘काकू, जेवण थंड होतंय.’

इथे माझ्या तक्रारी सुरू होतात.

चाळीस मिनिटांची तक्रार वर आलीच. पण त्याहून मोठी तक्रार आहे ती आम्हाला न सांगता तिथे नेल्याची. बसमध्ये दोन वाक्यं सांगितली गेली : ‘इथे पोल पॉट नावाचा एक वेडा राजा होऊन गेला, त्याने लोकांना मारलं.’ पोल पॉट राजा नव्हता. वेडाही नव्हता. वेडा म्हटलं की आपण सुटतो, कारण वेडाचं काही कारण शोधावं लागत नाही. तो शिकलेला होता, संघटना बांधणारा होता, त्याच्याभोवतीचे बरेच जण शिक्षक होते आणि नवा निर्मळ समाज घडवतो आहोत अशी त्यांची समजूत होती. तीन वर्षं, आठ महिने आणि वीस दिवसांत या समजुतीपायी पंधरा ते वीस लाख माणसं उपासाने, रोगाने, कामाने आणि हत्येने मेली. देशातला जवळजवळ प्रत्येक चौथा माणूस. एस-21 मध्ये मारले गेलेले बरेच जण तर त्याच राजवटीचे कार्यकर्ते होते, संशयाने गिळलेले. व्हिएतनामी, थाई, फ्रेंच, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन असे परकेही त्यांत आहेत आणि आपल्या उपखंडातलेही काही जण आहेत. भारतीय पर्यटकांच्या बसमध्ये निदान एवढं तरी सांगायला हवं होतं.

या सगळ्याच मृत्यूंना सर्रास वंशसंहार म्हटलं जातं. तिथे इतिहासाची शिक्षिका म्हणून एक बारीक दुरुस्ती करते, कारण ती महत्त्वाची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या न्यायालयाने नोव्हेंबर 2018 मध्ये नुऑन चिया आणि ख्यू सांफान या दोन बड्या नेत्यांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं. त्यातला वंशसंहाराचा भाग व्हिएतनामी लोकांचा आणि चाम मुसलमानांचा होता. चामांच्या संहाराबद्दल एकटा नुऑन चिया दोषी ठरला. बाकीच्या लाखो ख्मेर लोकांच्या मृत्यूंना कायद्याने मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटलं. मरणाऱ्याला या शब्दांचा फरक पडत नाही, पण सांगणाऱ्याने शब्द जपून वापरायला हवेत. डुचला त्याआधीच 2010 मध्ये 35 वर्षांची शिक्षा झाली होती, 2012 मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली. 2020 मध्ये शिक्षा भोगत असताना तो मेला. हे सगळं मराठीत एका पानावर मावतं. ते पान आमच्या हातात का नव्हतं?

आमच्याच गटातल्या लोकांनी काय केलं तेही लिहिते. एकाने विटांच्या खोलीत उभं राहून दाराच्या फटीतून हात बाहेर काढला आणि बायकोला फोटो काढायला सांगितला. दोघी जणी फोटोंच्या भिंतीपुढे हसत सेल्फी घेत होत्या, शेजारीच हसऱ्या चेहऱ्यावर फुली मारलेली पाटी होती. ही माणसं वाईट नाहीत. त्यातल्याच एकीने हनोईत मी घसरून पडले तेव्हा रात्रभर माझ्या पायाला बर्फ लावला होता. त्यांना थांबवणं टूर लीडरचं काम होतं. तो स्वतःच फोनवर जेवणाची जुळवाजुळव करत होता, कारण त्याला तेवढंच शिकवलेलं होतं.

बस सुटली आणि पाचव्या मिनिटाला माइकवर अंताक्षरी सुरू झाली. मागच्या सीटवर एक निवृत्त परिचारिका रडत होत्या. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुपारी जे झालं ते मला सगळ्यात जास्त लागलं. गटातल्या पाच पुरुषांना ‘ऑप्शनल’ म्हणून वेगळे पैसे घेऊन शहराबाहेर खऱ्या बंदुका चालवायला नेलं. संध्याकाळी ते किती गोळ्या झाडल्या त्याचे व्हिडिओ दाखवत होते. नॉम पेन्हमध्ये हा धंदा जुना आहे, रस्त्यावरचे रिक्षावालेही संहारभूमी आणि गोळीबार एकाच फेरीत देऊ करतात. त्यांचं पोट त्याच्यावर आहे. तुमचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि त्या परिचारिकाबाई, दोघींनी नाश्ता सोडला, हॉटेलच्या दारातून रिक्षा केली आणि चोउंग एकला गेलो. शहरापासून पंधरा किलोमीटर. एस-21 मधल्या लोकांना रात्री ट्रकमध्ये घालून तिथे मारायला नेत. पूर्वी ती फळबाग होती आणि चिनी लोकांचं कबरस्तान. गोळी महाग म्हणून बहुतेकांना कुदळी, काठ्या, बैलगाडीच्या आसांनी मारलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून झाडावर कर्णे लावून गाणी वाजवत. तिथे 129 सामूहिक खड्डे आहेत, त्यांतले 86 उकरले आणि 8,985 जणांचे अवशेष मिळाले. बाकीचे तसेच ठेवले आहेत. 1988 मध्ये उभारलेल्या काचेच्या स्तूपात कवट्या आहेत. पाऊस पडून गेला की मातीतून अजून हाडांचे तुकडे आणि कपड्यांच्या चिंध्या वर येतात, तिथले कर्मचारी त्या गोळा करतात. ज्या झाडावर तान्ही मुलं आपटली त्याच्या खोडाला जगभरच्या माणसांनी हातातली कडी, मण्यांच्या माळा, गंडे अडकवले आहेत. बाईंनी पर्समधून लाल-काळा करगोटा काढला. नातवासाठी तुळजापूरहून आणला होता म्हणाल्या. तो त्यांनी तिथे बांधला. आम्ही दोघी बोललो नाही.

माहिती ऐकवणारं, कानाला लावायचं यंत्र घेऊन लोक एकेकटे फिरत होते. दोन अडीच तास तिथे कोणाचाही मोठा आवाज आला नाही. परतलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. गट सोडून गेल्याबद्दल आम्हाला सगळ्यांसमोर समज देण्यात आली. नियम आम्ही मोडला होता, हे मला मान्य आहे.

परत आल्यावर मी त्या संस्थेला चार पानी पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी नम्र उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की पर्यटक आनंदासाठी पैसे मोजतात, बहुसंख्य सदस्य ज्येष्ठ असतात, त्यांना अशा ठिकाणी त्रास होतो, आपली सूचना वरिष्ठांपर्यंत पोचवली आहे. सूचनेचं फळ म्हणजे यंदाचं पत्रक. मी जास्त वेळ मागितला होता, त्यांनी जागाच काढून टाकली. आणि हे कोणत्या वर्षी? 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने तुओल स्लेंग, चोउंग एक आणि एम-13 हा जंगलातला आधीचा तुरुंग, या तिन्ही जागा जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्या वर्षी. इतर पानांवर ‘जागतिक वारसा स्थळ’ हे शब्द तुम्ही ठळक अक्षरांत छापता.

ज्येष्ठांना त्रास होतो हे खरं आहे, मलाही झाला. पण आमच्या वतीने तुम्ही परस्पर ठरवू नका. आमच्यातल्या कित्येकांनी घरातली मरणं पाहिली आहेत, भूकंप पाहिला आहे, 1972 चा दुष्काळ पाहिला आहे. आम्ही काचेचे नाही. आणि ज्याला खरंच सोसणार नाही त्याने उतरू नये, हा त्याचा हक्क आहे. त्यासाठी एक चांगलं कॉफीचं दुकान शोधून ठेवा, प्रश्न मिटला.

आनंदाचं म्हणता, तर अंगकोर वाटजवळच्या सियाम रीपची संध्याकाळ आठवा. अप्सरा नृत्य आणि बुफे, अडीच तास. तो कार्यक्रम कोणत्याही पत्रकात कंसात नसतो. पण ख्मेर रूजच्या काळात त्या राजनृत्याच्या बहुतेक सगळ्या गुरू नर्तकी आणि वादक मारले गेले. शेकडो वर्षांची परंपरा हातात धरून ठेवणारे हात उरलेच नाहीत म्हणाना. जे मोजके वाचले त्यांनी निर्वासितांच्या छावण्यांत आणि मोडक्या दालनांत, आठवेल तसं, पोरींची बोटं पुन्हा वळवायला शिकवली. आम्ही टाळ्या वाजवल्या त्या मुली त्या मोजक्यांच्या शिष्यांच्या शिष्या. हे निवेदकाने एका वाक्यात सांगितलं असतं तर ते नृत्य आम्ही जेवता जेवता पाहिलं नसतं. अंगकोर वाटलाही तुमचे लोक अभिमानाने सांगतात की 1986 ते 1993 या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याने इथे जतनाचं काम केलं. बरोबर आहे, मलाही अभिमान वाटला. पण बाहेरच्यांना बोलावण्याची वेळ का आली, हे काम जाणणारी तिथली माणसं कुठे गेली, हे कोणी सांगत नाही. त्याचं उत्तर नॉम पेन्हच्या त्या शाळेत आहे. 1980 मध्ये ख्मेर रूजनंतरच्या सरकारला भारताने मान्यता दिली, त्या वेळी पाश्चात्त्य देश संयुक्त राष्ट्रांत ख्मेर रूजच्याच प्रतिनिधीला कंबोडियाची खुर्ची देत होते. आपला त्या लोकांशी संबंध नुसता शिल्पांचा नाही.

आणि तुम्हाला अशा जागी लोकांना कसं न्यावं हे येत नाही, असं मी कदापि मानणार नाही. मी तुमच्याबरोबर अंदमानला गेले आहे. सेल्युलर जेलला अर्धा दिवस होता. आदल्या रात्री हॉटेलच्या हॉलमध्ये तासभर माहिती दिली होती. कोठडीपुढे चपला काढायला कोणी सांगितलं नव्हतं, तरी अर्ध्या लोकांनी काढल्या. संध्याकाळी ध्वनी-प्रकाश कार्यक्रम झाल्यावर बसमध्ये कोणी माइकला हात लावला नाही आणि जेवणही उशिरा झालं, त्याबद्दल एकानेही तक्रार केली नाही. जालियनवाला बागेतही असंच. ती आपली माणसं म्हणून आपोआप आवाज खाली गेला. कंबोडियाची माणसं आपल्या लोकांना आपली वाटतील, पण त्यासाठी आदल्या रात्रीचा तो एक तास हवा.

माझ्या मागण्या सांगते.

तुओल स्लेंगचं नाव सहलीच्या पत्रकात परत घाला आणि कंसाशिवाय घाला. किमान तीन तास द्या. शक्य असेल त्यांनी चोउंग एकसाठी वेगळी सकाळ ठेवा. दोन्ही एका दुपारी कोंबू नका, माणसाला तेवढं पेलत नाही. वेळ कुठून आणायचा हे मी सांगते : सेंट्रल मार्केटमधून. तिथले स्कार्फ सियाम रीपलाही मिळतात.

जागा कसली आहे ते पत्रकातच दोन ओळींत स्पष्ट लिहा. मुलं बरोबर असतील तर आईवडिलांशी आधी बोला. न येणाऱ्याला ‘निगेटिव्ह’, ‘पॉझिटिव्ह’ अशा शब्दांत अडकवू नका.

आत जाताना तिथल्या ख्मेर मार्गदर्शकाला बोलू द्या, त्याचे पैसे द्या आणि तो बोलत असताना मागे फोनवर बोलू नका. तिथल्या मार्गदर्शकांतले कित्येक जण त्या काळात पोरके झालेल्या घरांतले असतात. ज्यांना इंग्रजी कळत नाही त्यांच्यासाठी मराठी भाषांतर तुमच्या माणसाने करावं, पण त्याने आधी विषय वाचलेला असावा. वाचलेल्यांच्या टेबलापाशी गटाला दहा मिनिटं मिळावीत. ती माणसं आता फार म्हातारी आहेत. पुढच्या हंगामात ती असतीलच असं नाही.

टूर लीडरना सहलीआधी एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. कुठे फोटो काढू नयेत, कुठे बसू नये, कोणत्या दारातून आत जाऊ नये हे त्यांनी फाटकाबाहेरच सांगावं आणि आत कोणी चुकलं तर टोकावं. ग्राहक दुखावेल ही भीती नको. आम्ही शिक्षकांच्या, आईबापांच्या टोकण्यावर वाढलेली पिढी आहोत.

बंदुकीचा कार्यक्रम तुमच्यामार्फत अजिबात विकू नका. कोणाला करायचाच असेल तर तो त्याचा तो करील.

आणि तिथून निघाल्यावर हॉटेलपर्यंत बसमध्ये माइक बंद ठेवा.

एवढंच मागते आहे. यासाठी सहलीचा दर दोन-तीन हजारांनी वाढला तर तो माझ्यासारखे लोक देतील, आमच्या गटातल्या नऊ जणांनी तसं मला सांगितलं आहे. ‘बहुसंख्य सदस्य’ हे तुम्ही लिहिलंत, पण आमच्या गटात कोणाला विचारलं गेल्याचं मला आठवत नाही. परतीच्या अभिप्राय-पत्रिकेत जेवण, हॉटेल, बस आणि टूर लीडर एवढ्याच चौकटी होत्या.

मी कंबोडियाची माहिती मराठीत चार पानांत लिहून ठेवली आहे. माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी ती तपासून दिली, त्यातला एक आता महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तुमच्यापैकी जो मागेल त्याला पाठवते. मोबदला नको आणि खाली माझं नावही नको. सातव्या दिवसाच्या आदल्या रात्री जेवणानंतर ती वाटा आणि कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवा. वाचायला कोणी नसेल आणि जानेवारीत जागा असेल, तर मीच पुन्हा येते. तिकीट माझं मी काढीन. मला त्या शाळेतले उरलेले वर्ग पाहायचे आहेत.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका,
सांगली